डर्मल फिलर आणि ‘नॅचरल लूक’: टोचून घेण्याआधी काय समजून घ्यावं?

चांगलं केलेलं फिलर कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात राहतात ते बिघडलेले चेहरे: पुढे आलेले ओठ, हसताना डोळ्यांपर्यंत चढणारे गाल, मेणासारखी ताणलेली त्वचा. म्हणूनच फिलरबद्दल विचारायला येणारे जवळजवळ सगळे एक वाक्य हमखास जोडतात, “डॉक्टर, पण नॅचरल दिसलं पाहिजे हं.” जाहिरातींतही हेच शब्द असतात. पण नॅचरल दिसणं नेमकं कशावर ठरतं आणि त्यासाठी आपण काय विचारायचं, हे फारसं कोणी सांगत नाही.

मी बोरीवलीत जनरल प्रॅक्टिस करते. स्वतः फिलर टोचत नाही, त्यामुळे ते करा किंवा करू नका असा माझा कोणताही आग्रह नाही. माझ्याकडे लोक येतात ते टोचून घेण्याआधी “रक्त पातळ करायची गोळी बंद करू का” हे विचारायला, किंवा टोचून घेतल्यावर सूज उतरत नाही म्हणून. त्या अनुभवातून माझं मत असं झालं आहे की परिणाम नैसर्गिक दिसण्यात ब्रँडचा वाटा कमी असतो. कमी मात्रा, सावकाश गती आणि मुळात तुमची तक्रार फिलरने सुटण्यासारखी आहे का याचा प्रामाणिक निर्णय, यांवर बरंच काही ठरतं.

फिलर म्हणजे काय

आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचं असतं. नावात ॲसिड असलं तरी ते जाळणारं रसायन नाही. हा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ साली अमेरिकेत गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून तो वेगळा काढला. शरीर हा पदार्थ पटकन मोडून टाकतं, म्हणून फिलरमध्ये त्याचे धागे एकमेकांना जोडून त्याची जेल बनवतात. अशा जेलपैकी रेस्टिलेन या उत्पादनाला अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली आणि नंतर हा प्रकार जगभर पसरला.

या जेलचा मोठा फायदा म्हणजे नको झाली किंवा चुकीच्या जागी गेली, तर हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने ती विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडची फिलर शरीराला नवं कोलॅजन तयार करायला लावतात. त्यांचे उपयोग आहेत, पण ती या इंजेक्शनने विरघळत नाहीत. आणि ‘कायमस्वरूपी’ म्हणून कोणी सिलिकॉनसारखं काही देऊ करत असेल, तर नाही म्हणा. तुमचा चेहरा पुढच्या वीस वर्षांत बदलत जाणार, ते फिलर मात्र होतं तिथेच राहणार. पहिल्यांदाच करत असाल तर विरघळवता येणाऱ्या प्रकारापासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटॉक्स हे वेगळं औषध आहे. ते स्नायू सैल करतं, त्यामुळे कपाळ चढवल्यावर किंवा भुवया आवळल्यावर पडणाऱ्या रेषा कमी होतात. फिलर स्नायूला काही करत नाही, रिकामी झालेली जागा भरतं. अनेक जण दोन्हींना बोटॉक्सच म्हणतात, आणि मग कपाळाच्या रेषांसाठी गेलेल्या बाईला गालातल्या फिलरचं बिल आलेलं कळतच नाही. बाजारात मिळणाऱ्या हायल्युरॉनिक सीरमचा तर याच्याशी संबंधच नाही. ते त्वचेच्या वरच्या थरात ओलावा धरतं, गाल भरून काढत नाही.

गाल का बसतात

वय वाढलं की त्वचा सैल होते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याखाली बरंच काही घडतं. डोळ्याची खोबण रुंदावते, वरच्या जबड्याचं आणि हनुवटीचं हाड झिजतं. चेहऱ्यातली चरबी एकसंध नसते, वेगवेगळ्या कप्प्यांत असते. त्यातले काही कप्पे रिकामे होतात तर काही खाली घसरतात. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी खोल दिसते, पण तिचं कारण बऱ्याचदा वर, गालाच्या मध्यभागी असतं. त्या घडीतच जेल भरत राहिलं तर तोंडाचा भाग पुढे येतो आणि चेहरा वेगळाच दिसू लागतो. जाणकार डॉक्टर आधी आधार कुठे कमी झाला आहे ते बघतात, तिथे हाडाजवळ थोडी जेल देतात आणि घडी पूर्ण पुसायच्या मागे लागत नाहीत. पन्नाशीच्या चेहऱ्यावर ही घडी थोडी असायलाच हवी. विशीतही हसताना ती दिसतेच.

हेही लक्षात घ्या की फिलर चेहरा उचलत नाही. जबड्याच्या कडेला लोंबलेली त्वचा जेलने वर खेचायचा प्रयत्न केला तर चेहरा जड आणि रुंद होतो. अशा वेळी दुसरे उपचार असतात, किंवा काहीच न करणंही बरं असतं.

इथे फॅमिली डॉक्टर म्हणून एक सांगते, कारण स्किन क्लिनिकमध्ये हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. गाल गेल्या दहा वर्षांत हळूहळू बसले की गेल्या चार महिन्यांत? थोड्या दिवसांत चेहरा उतरला असेल तर आधी वजन करा आणि तपासण्या करा. नियंत्रणात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा अतिस्राव आणि क्षयरोग, तिन्हींमध्ये चेहरा ओढल्यासारखा होतो. मुंबईत क्षयरोगाचा विचार न करणं परवडणारं नाही. रात्री घाम, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, यांपैकी काही असेल तर गालांचा विषय बाजूला ठेवून आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या.

दुसरं साधं कारण म्हणजे दात. मागच्या दाढा काढल्या आणि तिथे काही बसवलं नाही तर गाल आत जातो, कारण आतला आधारच गेलेला असतो. साठीच्या पुढच्या कित्येक जणांना फिलरपेक्षा नीट बसणारी कवळी किंवा इम्प्लांट अधिक उपयोगी पडतं. चेहरा तर सुधारतोच, भाकरीही चावता येते.

अलीकडे तिसरं कारण वाढलं आहे. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं भारतातही सहज मिळू लागली आहेत. पंधरा-वीस किलो वजन पटकन उतरलं की चेहऱ्यातली चरबीही जाते आणि माणूस एकदम थकलेला दिसतो. वजन अजून उतरत असताना फिलर करू नका. ते काही महिने एका आकड्यावर स्थिर होऊ द्या. नाहीतर आज भरलेली जागा उद्याच्या चेहऱ्यावर उठून दिसते.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं

या तक्रारीसाठी आपल्याकडे फिलरची चौकशी खूप होते आणि निराशाही इथेच जास्त पदरी पडते. घरी एक तपासणी करता येते. खिडकीकडे तोंड करून आरसा धरा आणि हनुवटी थोडी वर करा, म्हणजे उजेड थेट डोळ्यांखाली पडेल. काळेपणा बराच कमी झाला तर ती खाचेची सावली आहे. तिथे योग्य व्यक्तीत थोडं फिलर उपयोगी पडू शकतं. काळेपणा तसाच राहिला तर तो त्वचेचा रंग आहे, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार आढळतं. घराण्यातून आलेली ठेवण, डोळे चोळायची सवय, ॲलर्जी, ऊन ही त्याची कारणं असतात आणि जेलने रंग जात नाही. ओढून तपासली तर त्वचा पातळ आणि आतून निळसर दिसत असेल, तर फिलरने ती आणखी निळी दिसू शकते. वर आलेली जेल उजेडात निळसर छटा देते.

डोळ्यांखाली खाच नसून पिशवी असेल तर आणखी सांभाळून. हायल्युरॉनिक ॲसिड पाणी ओढतं, म्हणजे सूज वाढते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असतील आणि पायांवरही सूज असेल, तर रक्तदाब मोजा, लघवीतली प्रथिनं आणि थायरॉइड तपासा. सौंदर्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसात मूत्रपिंडाचा आजार सापडू शकतो.

ओठ, आणि ‘नॅचरल’ शब्दाचा अर्थ

जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेदने आपल्या ओठांमधलं फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला. सुजलेला चेहरा तिने लपवला नाही. वयाच्या १८व्या वर्षापासून ती ओठांना फिलर करत होती. ते चुकीच्या जागी बसलेलं आहे आणि विरघळवणं दुखतं, असं तिने सांगितलं. पुन्हा करणार आहे पण नैसर्गिक दिसेल असं, हेही तिने सांगितलं. त्या व्हिडिओची खूप थट्टा झाली. मला मात्र तो उपयोगी वाटला, कारण फिलर करणाऱ्यांपैकी फार थोडे जण दुरुस्तीची बाजू लोकांसमोर आणतात.

त्यातला वयाचा मुद्दा पालकांनी लक्षात घ्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेखालच्या फिलरना दिलेली मान्यता सर्वसाधारणपणे २२ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी आहे. बारावी झालेल्या मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून ओठ करून द्यायचे का, असं विचारणारे आईवडील असतात. माझं उत्तर ‘थांबा’ असंच आहे. चेहरा अजून भरतो आहे आणि आवडही बदलणार आहे. त्या वयात आरशातल्या एका दोषावर तासन् तास लक्ष राहत असेल, कॉलेजला जाणं टाळलं जात असेल, फोटो काढू दिला जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं आधी. या आजारात एक दुरुस्ती झाली की लक्ष दुसऱ्या दोषावर जातं.

सेल्फीवरूनही निर्णय घेऊ नका. फोन चेहऱ्यापासून १२ इंचांवर धरला तर पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं गेलं. कित्येक जण कॅमेऱ्यातल्या नाकावर उपाय शोधत असतात.

ओठांबाबत पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा भरलेला असतो. वरच्या ओठाच्या मध्याची महिरप आणि तिच्यावरची उभी खळगी टिकली पाहिजे. ओठाच्या सीमेबाहेर, मिशीच्या जागेवर जेल गेली की वरचा ओठ फळीसारखा पुढे येतो. बाजूने पाहिल्यावर हे लगेच कळतं, म्हणून आधी-नंतरचे फोटो समोरूनच दाखवणाऱ्या क्लिनिककडे बाजूचे फोटो मागा, आणि हसतानाचे किंवा बोलतानाचे व्हिडिओही मागा. फोटोतल्या स्तब्ध चेहऱ्यावर बरंच काही खपून जातं. ‘फ’ किंवा ‘प’ म्हणताना ओठ कसे हलतात, हसताना गाल कसा वर जातो, यावर डोळा लगेच ठरवतो की काहीतरी केलं आहे. आणखी एक: पन्नाशीच्या चेहऱ्यावर पंचविशीचे ओठ बसवले, तर ते ओठ कितीही सुबक असले तरी परके दिसतात.

किती आणि किती दिवसांनी

एका सिरिंजमध्ये साधारण १ मिली जेल असते. घरातला चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे पाच सिरिंज मिळून जेमतेम एक चमचा. हा आकडा दोन गोष्टी सांगतो. एका सिरिंजने चेहरा फुगत नाही, आणि तरीही काही चेहरे इतके भरलेले दिसतात त्याअर्थी तिथे वर्षानुवर्षं भर पडत गेली आहे.

“सहा महिन्यांत, वर्षात विरघळून जातं” असं सांगून टॉप-अपची तारीख दिली जाते. परिणाम कमी झाल्यासारखा वाटतो हे खरं, पण जेल पूर्ण गेलेली असतेच असं नाही. काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनंतरही ती सापडली आहे. जुनी शिल्लक असताना नवी टाकत गेलं की चेहरा हळूहळू गोल होतो, आणि रोज आरशात पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण फुगलेला चेहराच त्याला आपला वाटू लागलेला असतो. माझ्या मते अनैसर्गिक चेहऱ्यांचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. म्हणून पहिल्या भेटीआधी खिडकीच्या उजेडात समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हसताना असे फोटो काढून ठेवा. पुढची प्रत्येक सिरिंज घेण्याआधी त्या फोटोंशी तुलना करा. गेल्या महिन्यातल्या चेहऱ्याशी तुलना करण्याचा उपयोग नाही.

ठरवलंच असेल तर पहिल्या बैठकीत गरजेपेक्षा थोडं कमी करायला सांगा. ओठांची सूज दोन-तीन दिवस जास्त असते आणि पूर्ण उतरायला दोन आठवडेही लागू शकतात. त्याआधी ‘कमी झालं’ किंवा ‘जास्त झालं’ हे ठरवता येत नाही. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहून थोडी भर घालता येते. “एक पूर्ण सिरिंज उघडली आहे, वाया कशाला घालवायची, उरलेली हनुवटीत देऊ” असा प्रस्ताव आला तर नको म्हणा. वाया गेलेली अर्धी सिरिंज स्वस्त पडते. मुंबईत एका सिरिंजची किंमत पाच आकडी असते, सौंदर्योपचार म्हणून त्यावर जीएसटीही लागतो आणि मेडिक्लेममध्ये हा खर्च येत नाही. त्यामुळे पैसे वसूल करण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

भारी कानातल्यांनी ओढली गेलेली कानाची पाळी हा थोड्या जेलचा एक समाधान देणारा उपयोग आहे. वयाने पातळ झालेल्या पाळीत थोडी भर घातली की कुडी पुन्हा सरळ बसते. छिद्र खालपर्यंत फाटलं असेल तर मात्र टाके घालावे लागतात.

ज्याबद्दल जाहिरातीत लिहिलेलं नसतं

लालसरपणा, सूज, काळंनिळं पडणं हे होतंच. आपल्या त्वचेत काळंनिळं गेल्यावर काही दिवस डागही राहतो, म्हणून उन्हापासून जपा. हे त्रास आपोआप जातात.

गंभीर धोका दुर्मीळ आहे, पण माहीत हवा. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा तिने रक्तवाहिनी दाबली, तर त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो. आधी त्वचा पांढरी पडते, मग तिच्यावर जाळीसारखे निळे-जांभळे डाग दिसतात. सहसा दुखतंही, पण फिलरमध्ये भुलीचं औषध मिसळलेलं असेल तर सुरुवातीला दुखणं जाणवत नाही. दोन-तीन दिवसांनी त्यावर पुळ्या येतात आणि त्वचा मरू शकते. चेहऱ्याच्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने जेल उलट दिशेने ढकलली जाऊन डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. त्यातून आलेलं अंधत्व बहुतेक वेळा परतत नाही. भुवयांच्या मधली जागा आणि नाक इथे हा धोका सर्वांत जास्त. म्हणून ‘शस्त्रक्रियेशिवाय पंधरा मिनिटांत सरळ नाक’ या जाहिरातीकडे मी गंमत म्हणून पाहू शकत नाही. नाकावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल तर धोका आणखी वाढतो.

त्वचेचा रक्तपुरवठा थांबला असेल तर लगेच, मोठ्या मात्रेत हायल्युरॉनिडेज देऊन ती त्वचा बऱ्याचदा वाचवता येते. त्यामुळे ज्या खोलीत फिलर टोचतात, त्या खोलीत ते इंजेक्शन असलंच पाहिजे. “लागलं तर मागवू” हे उत्तर चालणार नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून तुम्हाला कधी गंभीर ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा, कारण त्यांच्या विषातही हायल्युरॉनिडेज असतं.

सुईविना दाबाने जेल आत सोडणारं ‘पेन’ पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं, ते अजिबात वापरू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. जेल किती खोल जाते यावर त्यात कोणाचंच नियंत्रण नसतं.

कोणाकडे जावं, काय विचारावं

बोरीवली स्टेशनपासून लिंक रोडकडे चालत गेलात तरी स्किन क्लिनिक, डेंटल क्लिनिक आणि ‘एस्थेटिक स्टुडिओ’ यांच्या पाट्या एकामागून एक दिसतात. आत कोण टोचणार हे पाटीवरून कळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सौंदर्योपचार आणि केसरोपणाबाबत ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्लास्टिक सर्जरीचं किंवा त्वचारोगशास्त्राचं रीतसर शिक्षण अपेक्षित धरलं आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असंही त्यात म्हटलं आहे. माझ्यासारख्या केवळ एमबीबीएस डॉक्टरने दोन दिवसांचा कोर्स करून सुई उचलणं मला तरी योग्य वाटत नाही. डॉक्टरांची नोंदणी आणि पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. त्याला दोन मिनिटं लागतात.

सल्ल्याच्या भेटीतच फिलर टोचून घेऊ नका. घरी या, विचार करा. भेटीत हे विचारा: टोचणार कोण, तुम्ही स्वतः की सहायक? कोणतं उत्पादन, किती मिली, कुठे? हायल्युरॉनिडेज इथे आहे का? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करू, आणि दृष्टीचा त्रास झाला तर मला कुठे पाठवाल? प्रश्नांनी वैतागणाऱ्या डॉक्टरकडून चेहऱ्यावर काही करून घेऊ नये. उलट “तुम्हाला याची गरज नाही” असं एखाद्या भागाबद्दल सांगणारे डॉक्टर भेटले, तर बाकीच्या भागासाठी त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सिरिंजचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर उघडलं गेलं पाहिजे. बाहेरून आलेल्या उत्पादनावर आयातदाराचं नाव आणि आयात परवाना क्रमांक असतो. मुदत पाहा. पाकिटातलं बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या आणि आपल्या फाइलला लावा. एक सिरिंज दोन मैत्रिणींनी वाटून घेणं, किंवा उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरणं, हे जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे.

तुमची औषधं

हा भाग नीट वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. अँजिओप्लास्टी झालेली, स्टेंट असलेली किंवा पक्षाघात होऊन गेलेली व्यक्ती ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असते. काळंनिळं पडू नये म्हणून “आठ दिवस बंद ठेवा” असा सल्ला कुणी फोनवरून देतं. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता ही गोळी एक दिवसही बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर त्यापुढे गालावरचा निळा डाग काहीच नाही. त्यांनी बंद करायला नकार दिला, तर फिलर पुढे ढकला किंवा डाग पडेल हे मान्य करून करा. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांसारख्या स्वतःहून घेतलेल्या गोष्टी मात्र आठवडाभर आधी थांबवता येतात.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना फिलर नको. चेहऱ्यावर पुळी, गळू, ताप किंवा दाताचा संसर्ग असेल तर तो आधी बरा होऊ द्या. दातांचं मोठं काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. ओठांवर वारंवार नागिणीसारखे फोड येत असतील तर ते सांगा, सुईने ते पुन्हा उफाळू शकतात आणि आधी गोळी देऊन टाळता येतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच जा. संधिवातासारखे स्वप्रतिकारशक्तीचे आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील, तर त्या डॉक्टरांचं मत घ्या.

लग्न आणि त्यानंतरचे दिवस

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि नवरीबरोबर तिची आई, मावशी, करवल्याही चौकशीला निघतात. कार्याच्या आठवड्यात पहिल्यांदा फिलर करू नका. किमान सहा आठवडे आधी करा, म्हणजे सूज, डाग आणि लागलीच तर दुरुस्ती, सगळ्याला वेळ मिळतो. हळदीच्या दिवशी पाच जणी गालाला हळद चोळणार आहेत, हेही लक्षात ठेवा. ताज्या टोचलेल्या जागी ते बरं नाही. फेशियल, वाफ, मसाज आणि ओठांवरचं थ्रेडिंग दोन आठवडे टाळा.

पहिले एक-दोन दिवस नॅशनल पार्कमधलं सकाळचं धावणं आणि जिम बंद ठेवा, साधं चालायला हरकत नाही. पहिल्या दिवशी मेकअप नको. गर्दीच्या वेळची लोकलही शक्यतो टाळा, कोपर लागायला वेळ लागत नाही. बोटाने दाबून पाहत बसू नका, डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय मालीश करू नका. झोपताना उशी थोडी उंच घ्या.

टोचताना किंवा त्यानंतर एका डोळ्याने दिसेनासं झालं, डोळ्यात जोरात दुखू लागलं, पापणी पडली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर ती तातडीची वेळ आहे. डोळ्याच्या पडद्याला काही मिनिटांतच इजा होऊ लागते. डॉक्टर तिथेच असतील तर लगेच सांगा, घरी पोचला असाल तर १०८ ला फोन करा किंवा थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. त्वचा पांढरी पडली किंवा जाळीसारखे डाग दिसले तर बर्फ लावू नका, सकाळची वाट पाहू नका, रात्री दिलेल्या नंबरवर फोन करा आणि उजेडातला फोटो पाठवा. क्लिनिक दाद देत नसेल तर महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जाता येतं. बोरीवलीहून त्यांतलं सर्वांत जवळचं विलेपार्ल्याचं कूपर. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, एखाद्या तापानंतर, टोचलेल्या जागी लाल, दुखरी गाठ आली तर ती पिळू नका आणि मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. टोचणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना फाइलला लावलेलं ते बॅचचं स्टिकर सोबत न्या.